फक्कीच्या रेघा

"परत बाहेर जा. आणि आता सावकाश आत ये."

मुंबईहून आलेले साहेब कॅमेऱ्यामागून बोलत होते. मी उंबऱ्यावर. दोन्ही हात जमिनीवर, पाय मागे ओढलेले. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून मी हातांनीच चालते. लोक चपला पायांत घालतात, मी हातांत. बाजारात चपलेचं माप द्यायला मी पंजा पुढे करते, आणि दुकानदार बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजतो. घरात पोरांना हे रंगवून सांगते मी. त्या दिवसाचं मात्र रंगवता येत नाही.

मी बाहेर गेले. परत आत आले. उजेड बरोबर नव्हता म्हणे, म्हणून परत बाहेर.

फोटो काढणार म्हणून वहिनीचं नवं लुगडं नेसले होते. केसांना तेल चोपडलं होतं. वाटलं होतं, चेहऱ्याचा काढतील. साहेबांना चेहरा नको होता. उंबरा हवा होता आणि त्यावरून सरपटणारी बाई.

अंगणात सगळा पाडा जमलेला. साहेबांनी माझ्या भावाला विचारलं, "हिला परसाकडे कोण नेतं?"

मी तिथंच होते. हातभर अंतरावर. दादा खाली बघत म्हणाला, बायको नेते.

"हिला कळतं ना सगळं?"

"कळतं साहेब. पण ऐकत नाय."

पाडा हसला. मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. तलासरी तालुक्यात डोंगराकडेला आमचा पाडा. मुंबईची एक संस्था खेड्यातल्या अपंगांच्या घरांचा अभ्यास करत होती. झरीपासून खाली डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत त्यांची जीप फिरायची. साहेबांबरोबर एक बाई असत. चांगल्या होत्या. जमिनीवर बसायच्या, आमचा काळा चहा तोंड वाकडं न करता प्यायच्या. त्यांनी सांगितलं, अपंगांना समाजात सामावून घ्यायचंय. त्यासाठी एक नमुन्याचं घर बांधायचं, आणि ते माझ्यासाठी. उंबरा नाही. दार रुंद. पायरीच्या जागी उतार. आणि आतच संडास.

संडास म्हटल्यावर माझे डोळे भरले. राजवाडा म्हटला असता तर भरले नसते. मला ते घर हवं होतं. दादालाही हवं होतं. एका खोलीत आम्ही सगळे, रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला विचारावं लागे.

भात झोडून झालं आणि आखणीचा दिवस ठरला. आमच्याकडे नवं घर उभं राहताना पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, घरधन्यानं हातानं रोवायचा. मग पाडा हात लावतो. मी पहाटेच हात घासून धुतले. दादानं पाठीवर घेऊन शेतांचे बांध ओलांडले, मागे पाड्यातली माणसं. बांध संपले, शेतं संपली, तरी दादा चालतच होता. डांबरी रस्त्यावर नेऊन उतरवलं.

रस्त्याला लागून चुन्याच्या फक्कीनं घर आखलं होतं. पांढऱ्याशुभ्र रेघा. दाराची, उताराची. उताराचं तोंड रस्त्याकडे. पाडा पार पाठीमागे, शेतांपलीकडे.

मी बाईंना विचारलं, इथं का? त्या समजावून म्हणाल्या की जीप इथवरच येते, बाहेरगावची माणसं नमुना बघायला येतील, त्यांना बरं पडेल.

मी वळून शेतांकडे बघितलं. पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल. तुमच्या गुडघ्यापर्यंत, माझ्या खांद्यापर्यंत. चार महिने मी इथं एकटी. दादा भाकर आणून देईल, ठेवील, जाईल. तिकडे सकाळ झाली की बायका विस्तव मागायला येतात, भांडायला येतात, पोरं माझ्यापुढे टाकून शेतावर पळतात. पाड्यातली निम्मी पोरं मी राखलीत. इथं कोण येणार होतं मला सामावून घ्यायला? जीप?

दादाला म्हटलं, इथं नको.

"गप. मिळतंय ते घे," तो दातांतून म्हणाला. "नायतर दुसऱ्या गावाला देतील."

त्याचंही खोटं नव्हतं.

मेढ साहेबांनी स्वतःच हातात घेतली. कॅमेरा तयार झाला. साहेब गड्याला म्हणाले, "हिला जरा त्या रेघेजवळ सरकवा."

सरकवा. कणगी सरकवतात तसं.

गड्याचा हात लागायच्या आत मीच सरकले. थेट रेघेवर. हात टाकला, अंग ओढलं. माझ्यामागून पाय येतात ते केरसुणीसारखे. दार पुसलं. वळले. उतार पुसला. नाकात चुना गेला आणि शिंका सुटल्या. बंड करताना माणसानं शिंकू नये, फार केविलवाणं दिसतं. पण थांबले नाही.

दादा उचलायला धावला. मी म्हटलं, "हात लावू नको."

साहेब त्याला म्हणाले, "अहो, समजवा हिला."

"मला सांगा," मी म्हटलं. "मी इथं आहे. घर मला पाहिजे. पाड्यात पाहिजे. इथं मी राहणार नाय."

या वेळी कुणी हसलं नाही. पण पुढेही कुणी आलं नाही, तेही सांगायला हवं. बाई तोंडावर हात ठेवून उभ्या. साहेबांनी मेढ टाकून दिली. जीप गेली. दादानं मला परत पाठीवर घेतलं ते मुकाट, आणि पुढची भातलावणी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. एका खोलीत न बोलणं म्हणजे कसरत. मीठ हवं असलं तरी पोराला सांगून मागायचा.

घर दुसऱ्या गावाला गेलं. चांगलं झालंय म्हणतात. मी बघायला गेले नाही. जळते म्हणा हवं तर.

आता केस पिकले. घर मिळालेलं नाही. दर ग्रामसभेला मी जाते, पाड्यातून शाळेपर्यंत, आपल्या हातांनी, आणि तेच मागते. परवा सरपंच म्हणाले, "आत्या, रस्त्याकडेला जागा आहे. घेऊन टाका, किती दिवस हट्ट करणार?"

मी म्हटलं, "आखा तुम्ही. मी पुसायला येते."