काचवाल्या डॉक्टरांचे अकरा बुध्या

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आधीच्या माघात, एका मंगळवारी, तळोद्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर बुध्या नावाची अकरा माणसे हजर करायची होती. त्यांना पाहण्यासाठी मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टचे तपासनीस येणार होते. सकाळी सात वाजता ओट्यावर एकही बुध्या नव्हता. डॉक्टर आत टेबलाशी बसून काचा पुसत होते.

गावात त्यांना काचवाले डॉक्टर म्हणत. इतर डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत आणि औषध देत. हे त्याशिवाय बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत, त्यावर दुसरी पातळ काच ठेवून कडा मेणाने बंद करीत आणि ती काच दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. कोणाच्याही बोटाला सुई लावण्याआधी ते ती स्वतःच्या बोटाला टोचत, माणसाच्या डोळ्यांसमोर. मग सुई स्पिरिटच्या दिव्यावर धरीत आणि त्याचा हात मागत. त्यांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक त्यामुळे घट्टे पडून राठ झाले होते. सातपुड्यातली माणसे औषधाच्या बाटलीपेक्षा त्या बोटावर अधिक विश्वास ठेवीत.

मी त्या वेळी धुळ्याच्या एका साप्ताहिकाचा तळोद्याचा बातमीदार होतो. दवाखान्याची बातमी सहसा साथीची असे. साथ नसताना मी तिथे जाऊन बसत असे, कारण डॉक्टरांशी बोलताना वाक्य जपून वापरावे लागे. एकदा मी लिहिले की डोंगरात हिवतापाने हाहाकार माजला आहे. त्यांनी अंक पुढे सरकवून विचारले, की हाहाकार कोणत्या पाड्यावर पाहिला. मी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी ठेवा."

त्यांना दिसले होते ते असे. डोंगरातून येणाऱ्या काही रोग्यांचा ताप क्विनाईनने उतरे, पण हाडांची दुखणी जात नसत. गुडघे, कोपरे, पाठ; कळ आली की धडधाकट माणूस जमिनीवर लोळे. डोळे पिवळे, पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, अंगात रक्त नाही. आणि मेणाने बंद केलेल्या काचेत दुसऱ्या दिवशी त्यांचे रक्तकण गोल राहत नसत. ते विळ्यासारखे वाकलेले दिसत. डॉक्टरांनी वर कळवले. हा हिवतापच आहे, क्विनाईनचे प्रमाण वाढवावे, असे उत्तर आले. त्यांनी प्रमाण वाढवून पाहिले. दुखणी तशीच राहिली.

मग त्यांनी ट्रस्टकडे अर्ज करायचे ठरवले. रोगसंशोधनाला मदत देणाऱ्या अशा संस्था तेव्हा मोजक्या होत्या, आणि त्या बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांनाच ओळखत. डॉक्टरांची मागणी तीन ओळींची होती: एक चांगला सूक्ष्मदर्शक, एक मदतनीस, आणि पाड्यांवर फिरायला एका वर्षाची मोकळीक. अर्जाची इंग्रजी प्रत मी टाइप केली. अर्जासोबत रोग्यांच्या नोंदवहीचा उतारा जोडायचा होता. वहीत चार रकाने होते: नाव, वय, पाडा आणि खूण. चौथ्यात डॉक्टर वाटेल ते लिहीत. कानाची पाळी फाटलेली. मनगटावर विंचवाचे गोंदण. हसताना डावा डोळा मिटतो. माझ्या टाइपरायटरच्या कागदावर तीनच रकाने नीट बसत होते. बातमीतला अनावश्यक मजकूर गाळायची सवय हाताला होतीच. मी चौथा रकाना गाळला. नंदुरबारची मोटार सुटायच्या बेतात होती. डॉक्टरांनी उभ्याउभ्या सही केली.

दीड महिन्याने ट्रस्टचे पत्र आले. भाषा सभ्य होती. उताऱ्यात बुध्या हे नाव अकरा वेळा आले आहे, त्यांतील बरेच एकाच पाड्याचे व जवळपास एकाच वयाचे आहेत; एकाच रोग्याची नोंद अनेकदा झाली असावी, अशी शंका सदस्यांना आली आहे. आमचे तपासनीस अमुक मंगळवारी दुपारपर्यंत तळोद्यात असतील. सदर व्यक्ती समक्ष दाखवाव्यात. अन्यथा अर्ज रद्द समजून तसे आपल्या वरिष्ठांना कळवावे लागेल. शेवटच्या वाक्याचा अर्थ उघड होता. खोट्या नोंदींचा ठपका आला असता तर डॉक्टरांची नोकरी गेली असती, आणि ती काच पुन्हा कोणी पाहिली नसती.

कंपाउंडर दगाआप्पा कळसाडीचे, शेतकरी घरातले, दवाखान्यात केस पांढरे झालेले. पत्राचा अर्थ कळल्यावर त्यांनी ते घडी करून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "बुधवारले जल्मना तो बुध्या, सोमवारले जल्मना तो सोम्या. आठे नाव इचारं ते वार सांगतस. हाई मुंबईवालासले कोन सांगी?"

मी डॉक्टरांना सांगितले की रकाना मी गाळला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वही उघडून चौथ्या रकान्यावरून बोट फिरवले आणि ती मिटली. "चूक तुमची असेल," ते म्हणाले. "सही माझी आहे."

आठ दिवस हातात होते. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. पाडे रिकामे होते आणि बुध्या तळोदा-शहाद्याच्या शेतांतून पांगलेले होते. कचेरीतल्या एका अंमलदाराने पोलीस पाठवून सगळ्यांना आणवतो, असे सुचवले. डॉक्टर नको म्हणाले. शिपायाने आणलेला माणूस आपले नाव बदलतो, आणि त्यानंतर तो दवाखान्यात येत नाही. निरोप दगाआप्पांनीच न्यायचा ठरला. ते सायकलवरून बांधाबांधाने फिरले. कळसाडीत दोन बुध्या त्यांच्या सख्ख्या भावाच्याच कपाशीत होते. भावाने विचारले, "एक दिवसना कापूस कोन येची? तुन्हा डागतर?" दगाआप्पांनी सांगितले की डागतर येणार नाहीत, पण मी येतो, आणि रविवारी ते खरोखरच दिवसभर कापूस वेचत होते. सोमवारी संध्याकाळी परतल्यावर ते म्हणाले, की नऊ जणांना निरोप मिळाला, दोघांचा पत्ता नाही. येतील का, हे त्यांना सांगता येईना. बाजाराचा दिवस नव्हता. त्या दिवशी तळोद्यात यायला कोणालाही दुसरे कारण नव्हते.

मंगळवारी आठला पहिला बुध्या आला. साठीचा, धनुष्यासारखा वाकलेला. बाजारात वावरल्यामुळे त्याला आमची बोली येत होती. साडेनऊपर्यंत चार झाले. दहाला मोटार आली. तपासनीस निवृत्त सिव्हिल सर्जन होते, उंच, कोटाची सगळी बटणे लावलेले. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवले. एक वाजता निघालो नाही तर नंदुरबारला सुरतेची गाडी चुकेल, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. मग ओट्याकडे पाहून विचारले, "चारच?"

"आत्ता चार," डॉक्टर म्हणाले.

तपासनिसांनी प्रत्येकाला नाव विचारले. चौघांनीही बुध्या सांगितले. तुम्हाला हे नाव सांगायला कोणी शिकवले, असे त्यांनी म्हाताऱ्याला विचारले. म्हाताऱ्याने दगाआप्पांकडे पाहून उत्तर दिले, "माय बुधवारले बाळंत व्हयनी. यामा मन्हा काय गुन्हा?" ओट्यावर कोणीतरी हसले. तपासनीस हसले नाहीत. त्यांनी ताजे रक्त मागितले, आणि सुई स्वतः हातात घेतली.

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. बाकीच्या तिघांनीही घेतले. मला वाटले, डॉक्टर सुई मागून घेतील. ते जागचे हलले नाहीत. म्हाताऱ्याने तपासनिसांच्या बोटाकडे हनुवटीने खूण केली आणि म्हणाला, "पयले तुन्हं." दगाआप्पांनी त्याचे भाषांतर केले नाही. तपासनिसांना ते समजले होते. त्यांनी एकदा डॉक्टरांच्या डाव्या हाताकडे पाहिले, बाहीचे बटण काढले आणि सुई स्वतःच्या बोटाला टोचली. रक्त आल्यावर म्हाताऱ्याने हात पुढे केला.

साडेअकराला सात होते. बारा वाजता कळसाडीचे दोघे आले. त्यातला एक गुडघा दुखत असल्याने दुसऱ्याच्या पाठुंगळी होता. दगाआप्पा वहीतला चौथा रकाना वाचीत आणि तपासनीस माणूस पाहत. फाटलेली पाळी जुळली. विंचू जुळला. डोळ्याची खूण तपासायला माणसाला हसवावे लागले. ते काम म्हाताऱ्याने त्याच्या कानात काहीतरी सांगून केले. ताज्या काचा पाहायला दुसरा दिवस लागला असता, म्हणून तपासनिसांनी याच रोग्यांच्या जपून ठेवलेल्या काचा मागितल्या. पहिली काच त्यांनी बराच वेळ पाहिली, भिंग पुसले, पुन्हा पाहिली. नंतर उरलेल्या काचा एकेक करून पाहिल्या. बारा वाजून चाळीस मिनिटांनी दहावा आला. त्याला निरोप कोणी दिला, ते दगाआप्पांनाही माहीत नव्हते.

एकला दहा मिनिटे होती. मोटार सुरू केल्याचा आवाज आला. अकराव्याचा पाडा डोंगरात सर्वांत आत होता. तपासनीस म्हणाले की दहा पुष्कळ झाले, अकरा लिहायला आपली हरकत नाही; सदस्यांना आकडा पुरा दिसलेला बरा. त्यांनी टाक उचलला.

तेवढ्यात ओट्याच्या टोकाशी सकाळपासून बसलेली एक बाई उठली. आम्ही तिला एखाद्या रोग्याबरोबर आलेली समजलो होतो. तिने दगाआप्पांना आपल्या बोलीत काही सांगितले. दगाआप्पांनी टोपी काढली. बुध्याला बोलावणे असल्याचे तिला शेतात कळले होते. तिचा मुलगा बुध्या मागच्या बाजाराच्या दिवशी, वेचणी चालू असताना, बांधावर मेला होता. कळ दोन दिवस होती. बोलावले आहे म्हणून ती आली होती.

डॉक्टरांनी वही स्वतःकडे ओढली आणि चौथा रकाना वाचला: "उजव्या हातात पितळी कडं. एका बाजूनं चेपलेलं." दगाआप्पांनी ते तिला सांगितले. तिने पदराखालून हात बाहेर काढला. कडे तिच्या हातात होते. तपासनिसांनी चेपलेली बाजू पाहिली.

ते म्हणाले, की मग अकरा झाले.

"दहा लिहा," डॉक्टर म्हणाले. "दहा समक्ष, एक मयत. दिसलं ते लिहा."

त्यांनी तसे लिहिले आणि खाली सही केली. मोटार एक वाजून पाच मिनिटांनी सुटली. गाडी मिळाली की नाही, ते आम्हाला कळले नाही. डॉक्टर आत गेले नाहीत. ते बाईशेजारी ओट्यावर बसले आणि कळ कुठून सुरू झाली, पाणी मागितले का, डोळे कसे होते, हे दगाआप्पांच्या तोंडून एकेक विचारत राहिले. शेवटी त्यांनी तिला रक्त मागितले. आधी आपल्या बोटाला सुई टोचली, मग तिच्या. तिची काच दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाहू दिली. बहुतेक कण गोल होते, काही वाकलेले.

मंजुरीचे पत्र आषाढात आले. सूक्ष्मदर्शक आला, मदतनीस आला, आणि डॉक्टर पाड्यांवर फिरू लागले. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना लष्करी वैद्यकीय सेवेत बोलावले गेले; ट्रस्टने काम स्थगित केले. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक कोरी वही दिली. मूळ वही भिजून खराब होत होती, तिची प्रत करा, एवढेच म्हणाले. घरी येऊन मी ती उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी पट्टीने रेघा मारून ठेवल्या होत्या. प्रत्येक पानावर चार रकाने होते.

त्यांचे एक पत्र आले. ठिकाणाचे नाव सेन्सॉरने कात्रीने कापलेले होते. कळसाडीच्या बुध्याचा गुडघा कसा आहे, असे त्यात विचारले होते. दगाआप्पा जाऊन पाहून आले आणि मी उत्तर पाठवले. त्यानंतर पत्र आले नाही. युद्ध संपल्यावर मी दोन ठिकाणी चौकशी केली. दोन्हीकडून माहिती उपलब्ध नसल्याचे उत्तर मिळाले.

त्याच वर्षी ट्रस्टने काचा आणि नोंदी मागवल्या. दगाआप्पांनी काचा कापसात गुंडाळून लाकडी खोक्यात भरल्या. मी प्रत पुरी केली, मूळ वहीशी दोनदा ताडून पाहिली आणि नंदुरबार स्टेशनवर पार्सल केले. पोच तीन आठवड्यांनी आली. ती माझ्याकडे आहे. तीत लिहिले आहे: काचांचे खोके एक, नोंदवही एक, रकाने चार.