कललेला भैरोबा

कुपवाडच्या एका कारखान्यात मी पंपांचे सुटे भाग तपासते. भाग हातात आला की माप घ्यायचं, नकाशाशी ताडून बघायचं, जुळलं तर पास, नाहीतर लाल खूण. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे घरीही माझी जीभ तशीच चालते. नवरा म्हणाला, आज पाऊस येईल, की मी विचारते, कशावरून? तो बिचारा आता हवामानावर बोलतच नाही.

उंब्रजजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या आईपुढे मात्र हे चालत नाही. गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा पार झिजला. उंबरा ओलांडायचा तर चौकट धरून, तोंडाने भैरोबाचं नाव घेत. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघून गुडघा बदलायला सांगितलं आणि फार लांबवू नका, पाय वाकडा होत जाईल, असंही बजावलं. आई म्हणाली, देवाला विचारते.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आमच्याकडे गुरव दोन कळ्या पाण्यात बुडवून शेंदूर चढवलेल्या दगडी भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो. देवाच्या उजव्या हाताची कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, म्हशी, सगळं त्यावर ठरतं. आईने तीन रविवार कौल लावला आणि तिन्ही वेळा डावी कळी पडली. दवाखान्याची तारीख दोनदा पुढे गेली, आणि माझं डोकं फिरलं.

चौथ्या रविवारी मी पर्समध्ये बुडबुड्याची छोटी लेव्हल घालूनच आईबरोबर देवळात गेले. यंत्र सपाट बसलंय का ते बघायला आम्ही ती वापरतो. गाभाऱ्यात बायका जात नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेरून म्हाताऱ्या गुरवाला म्हटलं, मामा, एवढी देवाच्या डोक्यावर ठेवून बघता का? मला वाटलं होतं, हाकलून देईल. त्याने ती कौतुकाने उलटीपालटी करून बघितली, धोतराला पुसली आणि भैरोबाच्या डोक्यावर ठेवली. बुडबुडा सरकत एका टोकाला जाऊन बसला. शेंदराची पुटं एका अंगाला जास्त चढली होती आणि देव आपल्या डावीकडे चांगलाच कलला होता. त्या बाजूची कळी टिकणार कशी? मी जिंकल्यासारखं ते सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, हे माप आमच्याकडे कधीच पास झालं नसतं.

गुरवाचा चेहरा जराही पडला नाही. लेव्हल परत देत तो म्हणाला, "कलता हाय हे सगळ्या गावाला ठावं हाय, ताई. म्हणून तर उजवी पडली की आमी खरी मानतो."

मी लेव्हल पर्समध्ये टाकली.

आईचा हात धरून मी घराकडे निघाले. वाटेत तिला म्हटलं, बघितलंस ना, आता तरी चल दवाखान्यात. ती रस्त्याकडेच्या कट्ट्यावर टेकली आणि गुडघा चोळत राहिली.

"देव हाय का न्हाई, ह्ये मी त्याला कवाच इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटतंय गं. तुला सांगाय गेलं की तू फोटू दावतीस. त्यो नुसता ऐकून घेतो."

मला एकदम रडू आलं. तीन महिने मी तिला पुरावे देत होते आणि तिला घाबरायलाही जागा ठेवली नव्हती. मीही घाबरलेय, हे मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिने पदराने माझंच तोंड पुसलं आणि म्हणाली, मग ने मला.

मिरजेला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी नर्सने तिच्या अंबाड्यातला मोगरा काढून माझ्या हातात दिला. दोन तास व्हरांड्यात बसून काढायचे होते. समोर पाण्याचा कूलर होता आणि गारव्याने त्याचा पत्रा ओला झाला होता. मी इकडेतिकडे बघितलं. दोन पाकळ्या भिजवल्या आणि चिकटवल्या.

डावी पडली. मी पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. एक पोक्त मामा भांडं घेऊन पाण्याला आले, त्यांनी पाकळ्या बघितल्या आणि ते दुसरीकडच्या नळावर गेले. तिसऱ्यांदा मात्र उजवी पडली, आणि माझ्या छातीवरचं ओझं खरंच उतरलं. लेव्हल पर्समध्येच होती. मी ती काढली नाही.

संध्याकाळी आई नीट शुद्धीवर आली. पाय पट्ट्यांत, चेहरा सुकलेला, पण नजर माझ्या ओंजळीतल्या चुरगळलेल्या मोगऱ्यावर गेली. हिच्यापासून काही लपत नाही.

"किती येळा लावलास?"

"तीनदा," मी म्हटलं.

"आन् उजवी पडली न्हसती तर?"

"चौथ्यांदा लावला असता."

आई हसली आणि डोळे मिटून घेत म्हणाली, "आता कळलं तुला."