काच टाळणारी धाकटी

चादरींच्या कारखान्यात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणत. ताग्यातला तुटका धागा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि त्याच बाईने स्वतःच्या छातीतली गाठ सहा महिने अंगावर काढली! का, तर म्हणे दुखत नाही. अहो, न दुखणारी गाठही लगेच दाखवायची असते. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तोवर दुखणं काखेपर्यंत पोचलं होतं.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडून तीन वर्षं झाली. केस परत आले आणि लोकांच्या लेखी विषय संपला. जो भेटेल तो तेच, "आता अगदी बऱ्या झालात हं!" कसल्या बऱ्या? रोजची गोळी, त्या गोळीने ठणकणारे सांधे, मधूनच कानातून निघणाऱ्या वाफा, आणि काखेतल्या गाठी काढल्यापासून सुजणारा उजवा हात. त्यावर दिवसभर सूज दाबून धरणारी घट्ट बाही. वीस वर्षं चालवलेली कापणीची मोठी कात्री सुटली. आता ती तपासणीच्या टेबलावर बसते, धाकट्या बहिणीशेजारी.

पण तिला खरा संताप यायचा तो या धाकटीचा. सख्ख्या बहिणीनेही मॅमोग्राफी करून घ्यावी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तीनदा नंबर लावला, तीनदा बाईसाहेबांनी टांग मारली. एकदा पाहुणे, एकदा दाढ, एकदा तर चक्क "विसरले गं". आज चौथा नंबर, अकराचा. सव्वादहा झाले तरी धाकटी आपली ताग्यावर हात फिरवत बसलेली.

"उठतेस का?"

"ताई, मी दर महिन्याला चाचपून बघते. काही लागत नाही. ही बोटं पंधरा वर्षं हेच तर काम करतायत."

कारखान्यातली ही जुनी खोड. तागा आधी हाताने चाचपायचा, मग खालून दिवा लावलेल्या काचेवरून ओढायचा, असा नियम. पण घाई असली की बाया काच टाळतात आणि बोटांच्या भरवशावर तागा पास करतात. धाकटी आत्ताही तेच करत होती.

थोरलीचं डोकं फिरलं. तो पास झालेला तागा तिने डाव्या हाताने काचेवर ओढला आणि दिवा लावला. चौथ्या मीटरला उजेडाची बारीक रेघ. तिथे एक धागाच नव्हता.

"लागलं होतं का बोटांना?"

"मी काय कापडाचा तागा आहे?" धाकटी उसळली. मग एकदम आवाज खाली आला. "चौथ्या केमोनंतर बादलीवर वाकून काय म्हणाली होतीस, आठवतं? 'कळलंच नसतं तर बरं झालं असतं.' तुझी पाठ मीच चोळत होते, ताई. मला नाही कळून घ्यायचं."

वर्षभर थोरली बहिणीला आळशी, बेफिकीर, काय वाट्टेल ते म्हणत होती, आणि बहीण तिचंच वाक्य उराशी धरून बसली होती! कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी इतका राग आला, पण वाजवायची कोणाच्या?

तिने बाही ओढून काढली. वळ उठलेला, फुगलेला हात काचेवर ठेवला.

"म्हणाले असेन. जिवाला कंटाळले होते तेव्हा. पण हा हात कळल्यामुळे नाही गेला, उशिरा कळल्यामुळे गेला. सहा महिने आधी दाखवलं असतं तर कदाचित आज या हातात कात्री असती."

धाकटीने तागा बाजूला सारला.

"त्या तपासणीत दुखतं का गं?"

"दोन फळ्यांमध्ये दाबतात. दुखतं थोडं. शिव्या घाल मनातल्या मनात."

"मोठ्याने घातल्या तर?"

"घाल. मी दाराबाहेरच आहे."

धाकटीने ताग्यावर खूण करायचा खडू खाली ठेवला. थोरलीला एका हाताने बाही चढवता येईना, तेव्हा धाकटीनेच चढवली. बाही वाकडी चढली. दुर्बिणीला ते दिसलं, पण तिने ती तशीच राहू दिली.