सबूरआबांनी पोटात ठेवलेला आकडा

सबूरआबा आमच्यासाठी घर बघायला गेले की किंमत सोडून सगळं बोलायचे. त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळं असेल. अंबाजोगाईत ते सबूरआबाच. कुणी घाई केली की तळहात वर करून म्हणायचे, "सबूर, सर, सबूर." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

धंदा दलालीचा, पण एकाच बाजूचा. विकणाऱ्याच्या पैशाला शिवायचे नाहीत. "दोन्हीकडून खाल्लं की जीभ कुनाचीच राहत न्हाई," म्हणायचे. बोली लावायच्या आधी नगरपालिकेचा उतारा, वारसांच्या सह्या, बँकेचा बोजा, सगळं स्वतः जाऊन बघायचे. मी कुठवर ताणू शकतो, हे तर त्यांनी घरच्यांनाही कळू दिलं नसतं. माणूस चोख होता, त्यात वाद नाही.

पण घाई मला होती हो! वडिलांना अर्धांगवायू झालेला आणि आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर. दवाखान्यात न्यायचं म्हणजे मी आणि भाऊ त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवायचो. ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. म्हणायचे, "खालच्या घरात ने रे मला. दारात बसू दे, मानसं दिसतेत."

शेवटी दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर एक घर निघालं. बैठं, पायरी एकच. मालक तयार, कागद साफ. आबा तीनदा गेले आणि तीनदा आकडा न सांगताच परतले. का? तर म्हणे मालकीणबाई एकदाही बाहेर आल्या नाहीत. "घर बाई सोडती सर, गडी नुसती सही करतो."

चौथ्यांदा मीच सोबत गेलो. बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच रडायला लागल्या. "मला कुनी इचारलंच न्हाई," एवढंच म्हणाल्या. आबा उठले, हात जोडले, चपला घातल्या.

रस्त्यावर मी भडकलो. "आबा, तुम्ही माझे की त्या बाईचे?"

"तुमचाच हाय. म्हनून तर उठलो. उद्या रजिस्ट्रीच्या दिवशी बाई आडवी आली तर तुमी लटकताल."

आठ दिवसांत ते घर दुसऱ्याने घेतलं. बाई आडव्याबिडव्या काही आल्या नाहीत. नवे लोक सुखाने राहतात.

वडील त्याच उन्हाळ्यात गेले. त्यांना त्याच जिन्यावरून खाली आणलं.

तेराव्यानंतर आबा आले. म्हणाले, "सर, माजं चुकलं. रजिस्ट्रीचं मी उगं म्हनलो. बाईचं रडनं बघून माजं मन हाललं, आन् तुमच्या वडलाला इसरलो. मी तुमच्याकडून गेलतो, मी तसं करायला नव्हतं पायजे." खिशातून चिठ्ठी काढली. "एक घर हाय. पायरीच न्हाई. तुमी हो म्हना, आत्ता जाऊन आकडा सांगतो."

मला त्यांचा रागही येईना. रडून, धावून मी पार थकलो होतो. "आता कशाला, आबा?" म्हणालो.

त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि भिंत धरत एकेक पायरी उतरू लागले. सावकाश जा म्हणावं, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.