आश्रुबाने उचललेला आरसा

चौथ्या काचेच्या पेटीतल्या माशाचं तोंड फुटलेलं पाहून आश्रुबाच्या हातातली बादली निसटली.

त्या दिवसांत बादली निसटणं ही साधी गोष्ट नव्हती. सन शहाऐंशीचा दुष्काळ. बीडमध्ये नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि आला तरी नुसताच सुस्कारे टाकायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारा माशांना रोज दोन बादल्या लागतात हे बाहेर कळलं असतं, तर बायांनी कॉलेजवर हंड्यांचा मोर्चाच आणला असता, आणि त्यांचं काही चुकलं नसतं. म्हणून आश्रुबा उजाडायच्या आत हौदावर जाऊन यायचा. सांडलेलं पाणी त्याने फडक्याने टिपलं, परत बादलीत पिळलं, पण नजर त्या माशावरून हलेना.

"मॅडम, ह्यो मरंल!"

"मरत नाही," विमल साळवे वहीतून मान वर न काढता म्हणाल्या. "धडका किती झाल्या ते सांगा."

"सदतीस. पर समोर कोनीच न्हाई की! आरसाच हाय!"

"त्याला कुठं माहीत आहे? त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत घुसलाय. म्हणून तर आरसा लावला. खरा दुसरा मासा लावला असता तर कधी तो भांडला असता, कधी पळाला असता. आरशातला मात्र जेवढ्यास तेवढा भांडतो. मोजमापाला बरा."

 आश्रुबाला हे मनापासून भयंकर वाटलं.

हा आश्रुबा मांजरसुंब्याकडचा. तरुणपणी पैलवान; दोन्ही कान मोडून भज्यांसारखे झालेले. अर्धं गाव दरसाल कोयता घेऊन साखर कारखान्यावर जायचं, पण ह्याला कुस्तीमुळे कॉलेजात शिपायाची नोकरी लागली आणि तिथून तो प्रयोगशाळेत आला. कुस्ती का सोडली असं विचारलं तर एकच उत्तर द्यायचा. एका उन्हाळ्यात ओळीने तीन फडांत त्याची कुस्ती बरोबरीत सोडवली. हरला असता तर राग आला असता, जिंकला असता तर फेटा मिळाला असता. नुसती खडाखडी, नुसता घाम, आणि निकाल नाही. त्याचे वस्ताद म्हणायचे, "बेट्या, हरलेला पैलवान उभा ऱ्हातो. निकाल न लागलेला आतून कुजतो." अशा कुजू लागलेल्या पोराला वस्ताद एखाद्या हलक्या गड्याशी नारळावर लढवायचे. पोरगं जिंकायचं, नारळ फोडून खायचं आणि पुन्हा शड्डू ठोकायला लागायचं. आश्रुबाच्या वाट्याला तो नारळ आला नव्हता, कारण नेमके त्या साली वस्ताद वारले.

आता त्याच्यासमोर बारा पैलवान होते, आणि बाराही जणांची कुस्ती रोज बरोबरीत सुटत होती.

मासे चिलापी जातीचे होते, आणि सगळे नर. चिडला की अंग काळं पडतं, पाठीवरचे काटे ताठ होतात, आणि तोंड वासून सरळ धडक. ते आले होते मांजरसुंब्याच्या खालच्या अंगाच्या तलावातून. त्या तलावावर मच्छीमारांची सहकारी संस्था होती आणि माणिकराव तिचे चेअरमन. तलाव आटत चालला होता. मधल्या खड्ड्यात तेवढं पाणी उरलं होतं आणि सगळे मासे त्यातच कोंडले होते. संस्थेला एकच गोष्ट कळायला हवी होती: पाणी कमी झालं की चिलापी जास्त भांडते का? भांडत असेल, तर ते नर एकमेकांना आणि रोहूच्या पिल्लांना मारून टाकणार. मग सगळा माल आत्ताच, बोटाएवढा असतानाच, जाळ्यात ओढायचा. भांडत नसेल, तर वैशाखापर्यंत वाढू द्यायचा. ह्या उत्तरावर चाळीस घरांची चूल होती.

विमल साळवेंची पीएच.डी. नेमकी ह्याच प्रश्नावर. त्या पाटोद्याकडच्या, वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला आणि मुलीला शिकवायचं म्हणून रान विकलं. त्यांनी वरच्या फळीवर सहा पेट्या पाण्याने भरून ठेवल्या, खालच्या फळीवर सहा अर्ध्या. रोज प्रत्येक पेटीला दहा मिनिटं आरसा लावायचा आणि धडका मोजायच्या. मग आधी दिवा बंद, मग पडदा, मासा निवला की आरसा काढायचा. ह्या क्रमाबद्दल त्या फार कडक होत्या. कडक होत्या, पण का ते त्यांनी सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांची ही जुनी खोड आहे: हुकूम सांगायचा, कारण पोटात ठेवायचं.

तेवढ्यात त्यांना उत्तरपत्रिका तपासायला औरंगाबादला जावं लागलं. तीन आठवडे. वही आश्रुबाच्या हातात आली.

धडका त्याने इमानाने मोजल्या, एकही कमीजास्त लिहिली नाही. पण दहावं मिनिट संपलं की त्याचा हात दिव्याकडे जाईना. खालच्या फळीवरच्या चौथ्या पेटीतला तो तोंडफुट्या धडक मारायला आला की नेमकं त्याच क्षणी आश्रुबा आरसा झटकन वर उचलायचा.

"पळाला बघ! पळाला भाड्या! तूच निकाली!"

मासा रिकाम्या पाण्यात थबकायचा, मग काटे ताठ ठेवून पेटीभर ऐटीत फेरी मारायचा. आश्रुबाचा जीव हरखला. दोन दिवसांनी त्याने खालच्या फळीवरच्या साऱ्या सहांना हाच न्याय लावला. वरच्यांना लावला नाही. त्यांना पाणी पोटभर होतं. ह्यांना पाणीही अर्धं आणि कुस्तीही बरोबरीत, हा कुठला इन्साफ?

मॅडम परतल्या, वही उघडली आणि उभ्याच राहिल्या. वरच्या फळीचे आकडे तीस-पस्तिसातच होते. खालच्या फळीचे चाळीस, पन्नास, एकसष्ट असे चढतच गेलेले.

"आश्रुबा, हे खरं आहे?"

"येकेक धडक मोजलीया, मॅडम. आईची आन."

"मग उत्तर मिळालं आपल्याला!" त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की आश्रुबालाही हसू आलं. कशाचं उत्तर, हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

ते शिरलं संस्थेच्या सभेत. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस सभासद खाली बसलेले, जाळी दारातच तयार ठेवलेली. आश्रुबा वह्यांची पिशवी घेऊन मागे उभा होता.

"माणिकराव, मासे उद्याच काढा," विमलबाई म्हणाल्या. "पाणी अर्धं झालं की मारामारी जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही फळ्यांवर मासे सारखे, दाणा सारखा, आरसा सारखा. पाणी सोडलं तर बाकी तसूभर फरक नव्हता."

आश्रुबाच्या कानात हलगी वाजल्यासारखं झालं. फरक नव्हता? फरक होता! तो त्यानेच केला होता, रोज, सहा वेळा.

पुढे माणिकराव ठराव वाचू लागले, चतुराबाई नावाची म्हातारी सभासद "बोटाएवढा मासा कोन घेतंय, फुकट जाईल समदं," म्हणून कपाळ बडवू लागली. आश्रुबाला दिसत होतं की आपण गप्प बसलो तर जगात कुणाला कळणार नाही. मॅडम डॉक्टर होतील आणि आपली नोकरी राहील. ठरावावर पहिला हात वर झाला, आणि ह्याच्या तोंडून आरोळीच फुटली.

"थांबा! म्या खालच्यांना जिंकवलंया!"

वर झालेला हात खाली आला. मग त्याने सगळं सांगितलं: दिवा, आरसा, नारळाची कुस्ती, सगळं. कुणीतरी मागून फिस्सकन हसलं.

"आरं पैलवान, माशाला फेटा बांधायचा ऱ्हायला का बे?" माणिकराव म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. चतुराबाईचा हात कपाळावरच राहिला.

विमलबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं.  त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सगळ्या सहांना? रोज?"

"चार नंबरला येकवीस दिस. बाकीच्यांना येकुनीस."

"कावून केलं, आश्रुबा?" एरवी पुस्तकी बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी माहेरची भाषा आली.

"मला काय ठावं, मॅडम. मला वाटलं मोजायचं झालं की काम संपलं."

बाई उठल्या आणि चाळीस माणसांसमोर म्हणाल्या, "माझा निकाल रद्द. जिंकलेला मासा दुसऱ्या दिवशी जास्त भांडतो, म्हणून मी आधी दिवा बंद करायचा क्रम घातला होता. ह्यांना कारण सांगितलं नाही, ही चूक माझी. मला नवे बारा मासे द्या आणि तीन आठवडे थांबा."

"आन तवर मेले तर?" चतुराबाईने विचारलं.

"तर मी चुकले असेन."

असं कोरडं उत्तर द्यायला छाती लागते. संस्थेने कुरकुरत मुदत दिली.

 पुढचे तीन आठवडे आरशाजवळ बाई स्वतः बसल्या. आश्रुबाने फक्त पाणी आणायचं. रोज सकाळी त्याला वाटे, आज काढून टाकतील. काढलं नाही.

आणि आकडे? वरची फळी पुन्हा तीस-पस्तिसात. खालची पंचविसावर आली, मग सोळावर, शेवटी नऊवर. अर्ध्या पाण्यातला मासा भांडायचंच सोडून देत होता. काळा रंग उतरायचा, काटे पडायचे, आणि आरशासमोर तो नुसता तोंड वर करून तरंगायचा. विमलबाईंनी वही तीनदा तपासली. आपण चाळीस घरांना नेमकं उलटं सांगून बसलो होतो हे कळलं तेव्हा त्यांनी डोकं धरलं.

दुसऱ्या सभेला चाळीसच्या चाळीस हजर.

"ह्या बारीला कोनाला नारळ दिला का, पैलवान?" माणिकरावांनी सुरुवातच तिथून केली.

"एकालाही नाही. मी तिथेच होते," विमलबाई म्हणाल्या. "मासे राहू द्या. वाढू द्या."

जाळी दारातून उचलून आत टांगली गेली.

सभा सुटल्यावर आश्रुबा एकटाच तलावाकडे उतरला. मधल्या खड्ड्यात मांडीएवढं गढूळ पाणी आणि त्यात चिलापी किती म्हणून सांगावी! अंगाला अंग लावून शेकडो तोंडं वर आलेली, एकही दुसरीला धडकत नव्हती. महिन्यापूर्वी तो एक क्षण जरी उशिरा ओरडला असता, तर हे सगळं बोटाएवढं असतानाच बांधावर वाळत पडलं असतं.  तो मटकन बसला आणि बसूनच राहिला.

एसटी निघून गेली. बाईंनी वरून दोन हाका मारल्या, मग त्याही खाली उतरून शेजारी बसल्या. त्यांना त्याला झाडायचं होतं, महिनाभराचं साठलेलं. पण पाण्याकडे बघितलं आणि त्या वर आलेली तोंडं मोजत बसल्या. झाडलं त्यांनी दुसऱ्या दिवशी, बीडला, दार लावून, आणि चांगलं तासभर.