अंगणात बसवलेला सायलेन्सर

गेवराईत आमच्या शेजारी बँकेत नोकरी करणारी एक मुलगी राहते. गंजलेला बोल्ट अडला की ती त्याला समजावते, "ये की बाबा, कावून रुसलास?" आपल्या टर्बो इंजिनाच्या कारला नवा सायलेन्सर ती अंगणातच बसवायला निघाली, तेव्हा तिचे वडील चिडले. "गॅरेजात दे. गाडी बिघडली तर मला सांगू नको."

दुपारभर ती जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या गाडीखाली होती. संध्याकाळी गाडी सुरू झाली. आवाज खर्जातला, पण बेताचा होता. जमलेले आम्ही शेजारी खूश झालो. ती मात्र कान देऊन उभी राहिली आणि मला म्हणाली,

"काका, जोडातून हवा सुटती. असं न्हाई चालायचं."

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं गाडी बंद केली, पाइप निवेपर्यंत थांबली आणि सगळ्यांसमोर तो जोड पुन्हा खोलून नीट बसवला.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी सुरू केली, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या एकानं थांबून विचारलं, "लई भारी आवाज हाय. कोणत्या गॅरेजात केलं?"

मी मोठ्या अभिमानानं सांगणार होतो, तेवढ्यात तिचे वडील पुढे झाले. "घरीच. माझ्या पोरीनं केलंय," ते म्हणाले, आणि जोड दाखवायला स्वतःच गाडीखाली वाकले.