खुलासाबाई पहिल्या पानावर

पेपरात काल केलेली चूक आज कबूल करायची असते, आणि ती कबुली सातव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापायची असते. हे काम बावीस वर्षं करणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस खुलासाबाई म्हणे. मालक चुका करण्यात उदार, त्यामुळे बाईंना काम कधी कमी पडलं नाही.

मालकांचा शत्रू एकच, मागच्या गल्लीतल्या पेपरचा मालक. हा त्यांचा सख्खा साडू. साडूने एक म्हटलं की यांनी दोन म्हणायचं. त्या आठवड्यात शाळेजवळच्या बेकरीतले पाव खाऊन एका मुलाला उलटी झाली. साडूने चाळीस मुलं आजारी पाडली, मालकांनी ऐंशी. तिसऱ्या दिवशी आकडा दोनशेवर गेला. एकटीच्या जिवावर लेकीला वाढवणारी बेकरीवाली शटर ओढून घरात बसली, आणि येणारेजाणारे त्या शटरवर थुंकू लागले.

खुलासाबाईंना राहवेना. त्यांनी शाळेत जाऊन हजेरी पाहिली. पटावर मुलं बासष्ट, हजर बासष्ट. उलटीवाला पठ्ठ्या सहा पाव चेपून झोक्यावर बसला होता, एवढंच. आता तो मैदानात धुडगूस घालत होता.

बाई तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"हा खुलासा उद्या पहिल्या पानावर घ्या."

"पहिल्या पानावर? बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. तुम्हाला नको असेल तर तुमच्या साडूंना देते." बाईंनी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि नंबर फिरवायला घेतला.

मालकांनी झडप घालून रिसीव्हर हिसकावला. "बसा! हेडिंग केवढं हवंय ते सांगा."

सकाळी पेपरात झळकलं, 'सगळी मुलं ठणठणीत! सर्वात आधी आमच्याकडे!' साडूने दुपारी खास आवृत्ती काढली, 'मुलं पहिल्यापासूनच ठणठणीत!'

संध्याकाळी बेकरी उघडली. गर्दी जमली, पण रस्त्याच्या पलीकडे. पुढे कोणी येईना. काउंटरवर बेकरीवाली तेच पाव पुन्हा पुन्हा रचत होती. खुलासाबाई रस्ता ओलांडून तिच्यापुढे आल्या. त्यांनी पाव घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. तेवढ्यात दोन्ही पेपरांचे फोटोग्राफर धावत आले.

"बाई, पाव खाताना एक फोटो!"

"काढा की. आधी दोघं एकेक पाव खा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साडूच्या माणसाचा हात पुढे होतोय असं दिसताच मालकांच्या माणसाने दोन उचलले. मग रस्त्यापलीकडची माणसंही हळूहळू अलीकडे आली.

बेकरीवालीने डोळे पुसले आणि आत वळून लेकीला हाक मारली, "भट्टी पेटव गं, एवढे पुरायचे नाहीत!"